तीन मिनिटांचा आवाज : एका जनसुनावणीच्या तयारीच्या नोंदी

१२ जानेवारी

सकाळी सातला काकूंचा फोन. "ताई, पेपरात आलंय. पंधरा फेब्रुवारी."

उघड्या खाणीच्या विस्तारासाठी पर्यावरणीय जनसुनावणी. गेलं वर्षभर मी इथल्या शाळेत आणि बचत गटात आवाजाचे वर्ग घेते आहे, म्हणून पहिला फोन मला आला असावा. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान ३० दिवस सूचना द्यावी लागते. आमच्या हातात ३४ आहेत. वर्गाचं आधीचं वेळापत्रक रद्द. आजपासून एकच काम.

१३ जानेवारी

रात्री वहीत आराखडा लिहिला होता : मंडपाच्या दाराशी चाळीस जणांचा समूहस्वर, सुरुवातीला नुसता श्वास, मग विहिरींची नावं, मग शांतता. लिहिताना अंगावर काटा आला होता. संध्याकाळी मंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाचून दाखवला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बौद्धवाडीतल्या एका बाईंनी विचारलं, "चांगलंय ताई. पण हे लिहून कुठं घेणार?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी येऊन अधिसूचनेचं परिशिष्ट पुन्हा काढलं आणि या वेळी सुनावणी कशी चालते तेवढंच वाचलं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, तोही अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नको. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. सुरू करायला गणसंख्येची अट नाही, म्हणजे मोजकेच लोक आले तरी सुनावणी होऊ शकते. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची, खुलासा मागायची संधी. शेवटी मांडलेल्या मतांचा सारांश तिथंच वाचून दाखवायचा, स्थानिक भाषेत समजावून सांगायचा आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची.

सुनावणीत मतदान नसतं. हात वर करून काही ठरत नाही. पुढे तज्ज्ञांची समिती प्रकल्प तपासायला बसते तेव्हा तिच्यासमोर कागद असतो. त्या कागदावर जे उतरलं तेवढंच या गावाचं बोलणं.

समूहस्वराचं पान फाडलं नाही, पण बाजूला ठेवलं. बाईंचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला.

१५ जानेवारी

पहिला वर्ग. २३ जण आले, त्यात १४ बाया. वयं सोळा ते बहात्तर.

सुरुवात बोलण्यापासून केली नाही. डोळे मिटून तीन मिनिटं बसायचं आणि आता ऐकू येतंय ते मनात मोजायचं, मग दहा वर्षांपूर्वी याच वेळेला काय ऐकू आलं असतं ते सांगायचं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरी शेफर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० च्या आसपास जागेच्या आवाजांची नोंद ठेवायचं काम सुरू केलं. परिसर डोळ्यांइतकाच कानांनी वाचायचा, ही शिस्त मी तिथून घेतली आहे. शेडमध्ये मात्र शेफरांचं नाव काढायची गरज पडली नाही.

डंपर, सायरन, दुपारचा सुरुंग हे सगळ्यांनी सांगितलं. मग आजी म्हणाल्या, "बादली."

"बादली काय, आजी?"

"आधी बादली सोडली की डुब्ब वाजायचं. आता ठण वाजतं. दगडावर."

यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. खाण खोल जाते तसं तिच्यातलं पाणी सतत उपसावं लागतं, आणि उपशाने आजूबाजूची भूजलपातळी खाली ओढली जाते. ही यंत्रणा मी दोन दिवस चित्र काढून समजावणार होते. आजींनी ती दोन आवाजांत सांगितली.

वहीत रकाना आखला : कुणाची विहीर, कोणत्या महिन्यापासून 'ठण'.

१८ जानेवारी

आज माईक. मंडपवाल्या दादांकडून जुना संच आणला, मैदानात दोन भोंगे लावले, एक जवळ आणि एक लांब शाळेच्या भिंतीपाशी.

एरवी भावकीच्या भांडणात ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जातो ते ट्रॅक्टरवाले दादा माईकवर तिसऱ्याच वाक्याला अडखळले. पुन्हा अडखळले. खाली मान घालून म्हणाले, "मला नाय जमायचं. डोकंच बंद पडतं."

डोकं बंद पडत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लांबचा भोंगा सत्तर मीटरवर असेल तर आपलंच बोलणं आपल्याला सुमारे ०.२ सेकंद उशिरा परत ऐकू येतं. नेमका एवढा उशीर माणसाच्या बोलण्याला सगळ्यात जास्त घोळात पाडतो : जीभ जड होते, अक्षरं दुप्पट होतात, माणूस थांबतो. चांगले वक्ते यात फसतात. मोठ्या मंडपात गावकरी अडखळला की समोर बसलेल्यांना वाटतं, याला विषय माहीत नाही किंवा कुणीतरी पढवून आणलंय. अंतराचा दोष माणसाच्या नावावर लागतो, याचा मला फार राग येतो.

उपाय करून पाहिले. वाक्य आठ-दहा शब्दांचं. वाक्य संपलं की भोंग्यातलं शेवटचं अक्षर विरेपर्यंत थांबायचं. नजर लांब न ठेवता लिहून घेणाऱ्या माणसाच्या हाताकडे ठेवायची. माईक तोंडापासून एका मुठीवर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, आणि मग साउंडवाला आवाज वाढवतो, आणि शिट्टी वाजते. माईकची उंची बायांनी स्वतः कमीजास्त करून पाहिली. प्रत्येकीने एकदा तरी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरुषाच्या उंचीला लावलेल्या माईकखाली टाचा उंचावून उभी राहिलेली बाई पहिल्या वाक्याआधीच माफी मागितल्यासारखी दिसते.

दादा चौथ्या वेळेला सलग बोलले.

२१ जानेवारी

कायद्यात माणशी किती मिनिटं असं काही दिलेलं नाही, पण गर्दीत तीनपेक्षा जास्त मिळतील असं धरून चालता येत नाही. म्हणून तीन.

आजचा खेळ असा : एकाने तीन मिनिटं बोलायचं. तिघांनी ऐकायचं आणि बोलणं संपल्यावर एकमेकांना न दाखवता एकेक वाक्य लिहायचं. ते वाक्य म्हणजे इतिवृत्त.

काकू बोलल्या. सासरी आल्यापासूनची विहीर, दिराचं बोअर, टँकरच्या रांगेत मोडलेला हात, मुलीची बुडालेली शाळा. शेडमध्ये दोघी रडत होत्या. तिघांनी लिहिलेली वाक्यं वाचली :

"महिलेने पाण्याची अडचण मांडली."

"पाणी नसल्याने त्रास होतो असे सांगितले."

"सदर महिलेने आपल्या कौटुंबिक समस्या मांडल्या."

काकूंनी तिसरं वाक्य स्वतः मोठ्याने वाचलं. मग खाली बसल्या. मला वाटलं, आपण फार क्रूर खेळ घेतला. पण त्यांनीच उठून सांगितलं, "परत. आता मी काय लिहायचं तेच सांगते."

दुसऱ्या वेळी त्या अशा बोलल्या : "माझं नाव अमुक. माझी विहीर गट नंबर अमुकमध्ये. खाणीच्या कुंपणापासून ती किती लांब आहे ते कंपनीच्या पर्यावरण अहवालात नाही. माझी विहीर अहवालाच्या यादीत का नाही, हा माझा प्रश्न आहे. हा प्रश्न लिहून घ्या." मग थांबून हात, रांग, मुलगी. शेवटी पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

तिघांनीही तोच प्रश्न लिहिला.

आवाजाच्या अंगाने काय बदललं ते टिपून ठेवते. 'लिहून घ्या' म्हणताना त्यांचा स्वर वर गेला नाही, खाली आला. श्वास पोटातून होता. रंगमंचावरच्या मुलांना महिनोन्महिने शिकवूनही हा उतार येत नाही. त्यांना तो सापडला, कारण समोर लिहिणारा हात होता.

२६ जानेवारी

ग्रामसभा. अहवालाचा मराठी सारांश मोठ्याने वाचला, पाच जणांनी पाळीपाळीने. असा सारांश स्थानिक भाषेत देणं बंधनकारक आहे, पण तो ज्या मराठीत असतो ती कुणाच्याच तोंडात बसत नाही. 'प्रस्तावित उत्खनन क्षेत्रालगतच्या जलस्रोतांवर नगण्य परिणाम अपेक्षित.' दहावीतल्या मुलीने हे वाक्य वाचलं आणि विचारलं, "नगण्य म्हणजे?"

"मोजण्यासारखा नाही असा."

"म्हणजे मोजलाय आणि थोडा आहे, की मोजलाच नाही?"

हा प्रश्न तिच्या नावावर लिहिला. मोठ्याने वाचल्यामुळेच तो सापडला, डोळ्यांनी वाचताना आम्ही सगळेच त्यावरून पुढे गेलो होतो.

आणखी एक सापडलं. अभ्यासक्षेत्र १० किलोमीटर त्रिज्येचं आणि हवा-पाण्याची मोजणी पावसाळा सोडून एकाच हंगामाची, तीन महिन्यांची. आमच्या रकान्यातल्या विहिरी त्या महिन्यांनंतर आटतात. पुढच्या वर्गात हे दोन कागद शेजारी ठेवायचे.

२९ जानेवारी

आजचा दिवस जड गेला आणि तो नीट लिहायला हवा.

बोलण्याचा क्रम ठरवत होतो. आपोआप यादी तयार झाली : सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे अध्यक्ष, मग शेतकरी, मग बचत गट, आणि शेवटी बौद्धवाडी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. लिहिणारीही मीच होते. खडू माझ्या हातात होता आणि मला काही खटकलं नाही.

वाडीतल्या त्या बाई, पहिल्या दिवशी 'लिहून कुठं घेणार' विचारणाऱ्या, फळ्याकडे बघत म्हणाल्या, "आमची विहीर कुंपणाला सगळ्यात जवळची. आटली पहिली. आणि बोलायचं शेवटी? तोवर साहेब जेवायला गेलेले असतील."

कुणीतरी म्हणालं, गावात आधी मोठ्यांनी बोलायची रीत आहे. कुणीतरी म्हणालं, आता यात जात कशाला आणता. आवाज चढले. मी मध्ये पडले नाही, पडायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर मी फक्त एक गोष्ट सांगितली, जी तिथल्या अर्ध्या लोकांना पाठ होती आणि अर्ध्यांना ऐकूनसुद्धा माहीत नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागद पूर्ण होता. तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारोंनी ओंजळी भरल्या तेव्हा. त्यानंतर मार बसला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, दावा झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आला. पर्यावरणीय न्याय, म्हणजे प्रदूषणाचा भार कुणावर पडतो हा प्रश्न, हा शब्द अमेरिकेत १९८२ नंतर रुळला. नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन परगण्यात, जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय राहत होते, पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेली माती पुरायला आणली तेव्हा लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. मी तो शब्द शिकवताना नेहमी वॉरनपासून सुरुवात करायची. आज फळ्यासमोर उभी राहून कळलं की मराठीत सुरुवात महाडपासून करायला हवी होती. पाणी कुणाचं आणि त्याच्यावर कोण बोलणार, हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच ओंजळीत होते.

माजी सरपंच बराच वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी स्वतः फळा पुसला. नवा क्रम त्यांनीच सांगितला : ज्याची विहीर कुंपणाला जवळ तो आधी. अंतराप्रमाणे. त्यांचा स्वतःचा नंबर अकरावा आला.

सगळ्यांना पटलं असं नाही. दोघं उठून गेले. एक परत आला.

१ फेब्रुवारी

वर्ग मध्येच थांबवला. रस्त्यावर पाणी मारलं नव्हतं आणि डंपर सलग चालू होते. नऊ जणांचे आवाज बसलेले.

बोलताना बाईच्या स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषाच्या शंभर-सव्वाशे वेळा. त्या ओल्या असाव्या लागतात. तोंडाने धूळ ओढत मोठ्याने बोललं की त्या कोरड्या पडतात आणि आवाज फाटतो. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं. रस्त्यालगतच्या वर्गातले गुरुजी पंधरा वर्षं असे चढ्या आवाजात शिकवत आहेत. त्यांचा स्वर वरच्या पट्टीत जातच नाही आता. मी त्यांना 'आ' लावायला सांगितलं आणि मध्येच थांबवलं, पुढे ऐकवेना.

पीएम १०, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीसाठी, आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ४५. गुरुजी हे दोन आकडे सांगणार आहेत आणि विचारणार आहेत की मोजणीचं यंत्र शाळेच्या कोणत्या बाजूला होतं. त्यांचा बसलेला आवाज मी सुधारायला जाणार नाही. आठ दिवस बोलणं कमी, पाणी जास्त, कुजबुज अजिबात नाही, एवढंच सांगितलं. कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो हे लोकांना खरं वाटत नाही.

४ फेब्रुवारी

लुटुपुटीची सुनावणी. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर इथे जसंच्या तसं लागू पडतं : प्रसंग करून दाखवायचा, जिथे माणूस दबतो तिथे प्रेक्षकातल्या कुणीही 'थांबा' म्हणायचं, त्याच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काहीतरी करून बघायचं. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेत निवडून गेले होते आणि अशा खेळांतून आलेल्या सूचनांचे त्यांनी तिथे कायदे करून घेतले. माझ्यासाठी हा मोठा आधार आहे.

साहेब झाले पोलीस पाटील. पाच मिनिटांत त्यांनी पाच जणांना गप्प केलं, तेही अगदी सभ्यपणे. "विषयाला धरून बोला." "हा मुद्दा आधी आलाय." "लेखी द्या ना, ताई." "रोजगारावर काय म्हणणं आहे तुमचं?" शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड होतं, कारण समोर उभ्या पोराचा भाऊ खाणीतच कामाला आहे. तो गप्प झाला. कुणीच 'थांबा' म्हणेना.

शेवटी त्याचा भाऊच उठला. आज सुट्टी म्हणून तो मागे बसला होता, मला माहीतही नव्हतं. त्याच्या जागी उभा राहून म्हणाला, "मी तिथंच कामाला आहे. काम हवंय. माझ्या आईला पाणीपण हवंय. दोन्ही वेगवेगळं लिहा."

'दोन्ही वेगवेगळं लिहा.' याच्यापुढे साहेबांना काही सुचलं नाही. सुनावणीत मात्र तो बोलणार नाही, नोकरी आहे. कुणी त्याला भरीस घालायचं नाही, हे सगळ्यांसमोर ठरवलं. कुणाचं बोलणं किती महाग पडेल हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या कामातला हा एकच नियम मी कधी मोडत नाही.

'आधी आलाय' यावर उत्तर ठरलं : "आला असेल. माझ्या नावावर परत घ्या." लेखी निवेदनंही सगळ्यांची वेगळी, पोच घेऊन. ती जनतेकडून मत घेण्याचाच दुसरा भाग आहेत, पर्याय नाहीत.

७ फेब्रुवारी

आजींना तीन मिनिटांत बसवणं मला जमत नव्हतं. प्रश्न विचारा म्हटलं की त्या गोष्ट सांगतात, गोष्ट सांगा म्हटलं की गप्प होतात. आज त्या म्हणाल्या, "मी बोलत नाय. मी म्हणते." आणि शेडमध्ये ओवी म्हटली, तिथेच जुळवलेली :

विहिरीच्या काठावरी माझ्या सासूची पावलं
माझ्या सुनंच्या वक्ताला कुणी पाणी पळवलं

चाल जात्यावरची. हेमा रैरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं बोलणं बायांनी कुणी ऐकत नसताना करून ठेवलं होतं. तीन पिढ्या, एक विहीर, एक आरोप, दोन ओळी. कलावंत म्हणून मला यात काही घालायचं नाही आणि काही काढायचंही नाही.

पण लिहिणाऱ्यांच्या खेळात काय आलं? "वृद्ध महिलेने गाणे म्हटले." तिघांचंही हेच.

मग दोन तास वाद. दहावीतली मुलगी म्हणाली, ओवी नकोच, हसतील. गुरुजी म्हणाले, ओवीच हवी, चित्रीकरणात तरी राहील. मला आतून ओवी हवी होती, आणि ती माझ्या कलेच्या हौसेसाठी हवी आहे की आजींसाठी, हे मी स्वतःला दोनदा विचारलं. शेवटी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणेन. नात सांगेल लिहायचं काय."

ठरलं असं : आजी ओवी म्हणतील. सहावीतली नात लगेच माईकवर येऊन सांगेल, "माझ्या आजीचं म्हणणं असं की तिच्या सासूच्या वेळेपासून बारमाही असलेली विहीर खाणीच्या उपशामुळे आटली. उपशाची रोजची नोंद गावाला दाखवावी." हे वाक्य खेळात तिघांनी शब्दशः उतरवलं.

१० फेब्रुवारी

बोलीचा प्रश्न. काही जणांना वाटतं, साहेबांसमोर 'शुद्ध' बोलायला हवं. त्यांचा आवाज शुद्ध बोलताना निम्मा होतो. ओडिशातल्या नियमगिरीची गोष्ट सांगितली : सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर तिथे जुलै-ऑगस्टमध्ये १२ ग्रामसभा झाल्या, न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून हजर होते, डोंगरिया कोंध आदिवासी आपल्या भाषेत बोलले, आणि बाराच्या बारा सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. भाषांतर करणं हे ऐकणाऱ्याचं काम होतं.

आपापल्या बोलीत बोलायचं. फक्त गट नंबर आणि महिना स्पष्ट.

१३ फेब्रुवारी

रंगीत तालीम. विशेष काही नाही. दोघांना ताप.

१५ फेब्रुवारी

मंडप मोठा, बंदोबस्त मोठा. भोंगे आम्ही धरले होते त्याहून लांब. दादांनी मंडपात शिरल्याशिरल्या मोजून मला बोटांनी खूण केली.

क्रम आम्हाला हवा तसा मिळाला नाही. आधी बाहेरून आणलेली माणसं रोजगारावर बोलली, तासभर. नंतर यादीतली पहिली म्हणून वाडीतल्या बाई गेल्या. माईक खाली केला. घाई केली नाही. भोंग्यातला आवाज विरेपर्यंत थांबल्या. "हा प्रश्न लिहून घ्या." टेबलावरच्या कारकुनाचा हात खरंच हलला. मी मागे उभी होते आणि माझे पाय लटपटत होते.

काकूंना दीड मिनिटाला थांबवलं. "मुद्दा आधी आलाय, ताई." त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर परत घ्या, साहेब." घेतला. गुरुजींचा आवाज चौथ्या वाक्याला फाटला, त्यांनी पाणी प्यायलं आणि फाटलेल्या आवाजातच दोन्ही आकडे सांगितले. ते पाणी पीत होते तेवढा वेळ मंडपात फक्त रस्त्यावरचा डंपर ऐकू येत होता.

आजींनी ओवी म्हटली. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. नात माईकपाशी गेली आणि विसरली. सगळं विसरली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओवी दुसऱ्यांदा म्हटली, या वेळी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. नातीला वाक्य आठवलं.

सव्वापाचला लोक उठायला लागले. इथेच सगळं घसरतं, हे आम्ही तालमीत दहा वेळा घोकलं होतं, तरी निम्मे गेलेच. बाया सकाळी आठपासून बसलेल्या, गुरं बांधायची, पोरं घरी. अकरा जण थांबले. सारांशाचं वाचन सुरू झालं तेव्हा मंडपवाले खुर्च्या उचलत होते. आम्ही त्यांना हात जोडून थांबवलं. दुमडणाऱ्या खुर्च्यांच्या आवाजात आपलंच म्हणणं ऐकणं फार कठीण असतं.

रोजगाराचे मुद्दे सविस्तर होते. पाण्यावर एक ओळ : "ग्रामस्थांनी पाणीटंचाईबाबत चिंता व्यक्त केली." वाडीतल्या बाई उठल्या. माईक बंद केला होता. त्यांनी तो मागितला नाही. पोटातून, खालच्या पट्टीत, जागेवरूनच बोलल्या : "चिंता नाय व्यक्त केली. प्रश्न विचारला. माझी विहीर यादीत का नाय. तो वाचा."

अध्यक्षांनी कारकुनाच्या हाताखालचा कागद मागवला. प्रश्न त्यात होता, सारांशात घ्यायचा राहिला होता. त्यांनी तो घालायला सांगितला. मग काकूंचा. मग नातीचा, उपशाच्या नोंदीचा. मग मुलीचा, 'नगण्य'चा. प्रत्येक वेळी अकरातलं कुणीतरी उठून आपलं वाक्य पुन्हा सांगत होतं, त्याच शब्दांत. पाऊण तास लागला. गुरुजींचा यंत्राच्या जागेचा प्रश्न राहिला. गुरुजी तोवर निघून गेले होते आणि दुसऱ्या कुणाला तो नेमका पाठ नव्हता. ही चूक माझी. प्रत्येक प्रश्न किमान दोघांना पाठ हवा होता. तो लेखी निवेदनात आहे, पण इतिवृत्तात नाही.

सही झाली तेव्हा अंधार पडला होता.

१६ फेब्रुवारी

आवाजाला सुट्टी. कुणी कुणाला फोन केला नाही. मी दिवसभर बोलले नाही.

३ मार्च

ग्रामपंचायतीच्या फलकावर इतिवृत्ताची प्रत लागली. पाण्याचे प्रश्न चार, नावांसह. समोरच्या रकान्यात कंपनीचं उत्तर. तीन ठिकाणी 'नोंद घेण्यात आली'. उपशाच्या नोंदीसमोर मात्र 'मासिक आकडेवारी उपलब्ध करून देण्यात येईल' असं आहे. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ओवी कुठंय?" नाही, मी म्हणाले. "ती त्या फिल्मात असंल," त्या म्हणाल्या आणि त्यावर पुढे काही बोलल्या नाहीत. चित्रीकरणाच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला आहे. १० रुपयांचं तिकीट लावलं. वाडीतल्या बाईंच्या नावाने जाईल, त्यांनीच मागून घेतला.

कंपनीची मासिक आकडेवारी आली तर तिच्या शेजारी ठेवायला आपला आकडा हवा. म्हणून विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजायची ठरली. काकूंनी दोरीला फुटाफुटावर गाठी मारायला घेतल्या आहेत. मुलीने तक्ता आखला. पहिली मोजणी परवा सकाळी सहाला, डंपर सुरू व्हायच्या आधी, कुंपणालगतच्या विहिरीपासून.